महाराष्ट्र फिरून खाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानावळी, मिसळीची हॉटेलं, बेकऱ्या, बिअर गाळणारी ठिकाणं आणि वायनरी यांच्यासाठी आपल्याच राज्यात फिरणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कुठे जाऊ?’ असा असतो. आमच्या मते त्याआधी ‘केव्हा जाऊ?’ हे विचारायला हवं. सकाळी आठला उत्तम असलेली मिसळ दुपारी दीडला तीच राहत नाही, आणि रविवारचं मटण मंगळवारी मिळेलच असं नाही.

सुरुवात कुठून करावी?

एका फेरीत एकच जिल्हा आणि त्यातले दोन-तीन पदार्थ घ्या. ‘कोल्हापूर’ म्हणून निघालात तर तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ आणि हंगाम असेल तर गुऱ्हाळ एवढं पुरे. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर आहे, त्यामुळे वाटेत साताऱ्याचे कंदी पेढे घेऊनही दुपारच्या ताटाला पोचता येतं. मुंबई ते नाशिक १७० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पहाटे निघालात तर नाश्त्याची मिसळ आणि दुपारनंतर वायनरी एका दिवसात जमते. विदर्भ आणि खान्देश मात्र घाईत करू नका. नागपूरला दोन रात्री राहिल्याशिवाय सकाळचे तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे आणि रात्रीचं सावजी जेवण यांची नीट सांगड बसत नाही.

स्वतःची गाडी नसेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांसाठी मिळतो. खाण्यासाठी फिरणाऱ्यांना हा पास फार सोयीचा आहे, कारण मधल्या गावात उतरून पुढची गाडी पकडता येते.

कोणत्या महिन्यात कुठे जावं?

*डिसेंबर ते फेब्रुवारी* हा सगळ्यात भरगच्च काळ. सोलापूर, सांगली, अहिल्यानगर या भागांत ज्वारीची कणसं दुधात आलेली असतात आणि हुरडा निघतो. कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळतात आणि शेंगाचटणी, लसणीची चटणी, गूळ यांच्याबरोबर खातात. गुळभेंडी ज्वारीचा हुरडा सर्वांत गोड. दाणा दाबल्यावर दूध निघायला हवं. पिठूळ लागला तर कणीस जून झालंय असं समजा. भाजल्यावर दहा मिनिटांत खाल्ला नाही तर तो चिवट होतो, म्हणून हुरड्याचं पार्सल नेण्यात अर्थ नाही.

याच दिवसांत जळगावकडे भरताची वांगी येतात. मोठी, फिकट हिरवी आणि कमी बियांची ही वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. त्या धुराचा वास हीच त्या भरताची खूण. गॅसवर भाजलेलं भरीत वाईट नसतं, पण त्यासाठी जळगावपर्यंत जायची गरज नाही. बरोबर कळण्याची पुरी किंवा भाकरी मागा. कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळं साधारण दिवाळीनंतर पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. तिथली गरम काकवी घरी न्यायची तर स्टीलचा डबा बरोबर ठेवा. गरम असताना प्लास्टिकच्या बाटलीत भरली तर बाटली आकसते.

*जानेवारी ते मार्च* नाशिकला द्राक्षतोडणीचा काळ. *एप्रिल-मे* कोकणात आंब्याचे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात सुरू होते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपत येते. मे महिन्यात त्यासाठी घाट चढलात तर बहुतेक वेळा बर्फातली किंवा पाकातलीच मिळेल.

*जून-जुलै* किनाऱ्यावर माशांसाठी जाऊ नका. का ते पुढे येतंच.

एका दिवसात किती ठिकाणं करावीत?

तीन जेवणाची आणि एक बेकरी. पाचव्या ठिकाणी पोट भरलेलं असतं आणि दोष हॉटेलला लागतो. दोघांत एक ताट, चौघांत दोन मिसळ, असं मागवा. अनेक खानावळींत ‘एका ताटात दोघे नाहीत’ अशी पाटी असते, विशेषतः अमर्याद ताटाला, आणि ती पाळावी. अशा ठिकाणी सुटी भाजी, दोन भाकऱ्या आणि एक रस्सा मागवला की काम होतं.

दोन जेवणांत किमान चार तास ठेवा. मध्ये चहा चालेल, पण तिखट खाण्याच्या आधी कडक कॉफी किंवा पान टाळा, जीभ बधिर होते.

चांगलं हॉटेल बाहेरून ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. ‘एसटी थांबते तिथे चांगलं मिळतं’ ही समजूत मात्र आधी सोडा. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे थांबे बहुतेकदा ठरलेले असतात, त्यात चवीची परीक्षा कुणी घेतलेली नसते. ‘अस्सल’, ‘मूळ’, ‘जुने’, ‘आमची कुठेही शाखा नाही’ या पाट्यांवरूनही काही ठरत नाही. एकाच चौकात तीन ‘मूळ’ हॉटेलं दिसतात.

खरोखर बघायच्या गोष्टी वेगळ्या. पदार्थ किती वेगाने संपतोय हे पहिलं. मोठं पातेलं आणि बाहेर रांग असेल तर रस्सा ताजा, मोठं पातेलं आणि रिकामी बाकं असतील तर तो सकाळचा. मग मेनू किती लांब आहे ते बघा. सहा-सात पदार्थ असलेल्या ठिकाणी आचाऱ्याचा हात बसलेला असतो. मिसळ, डोसा, मंचुरिअन आणि पिझ्झा एकाच फलकावर असतील तर चहा घ्या आणि निघा. कढईतल्या तेलाचा रंग आणि वास बघा. तेल काळपट, फेसाळ आणि डोळ्यांना झोंबणारं असेल तर वडा-भजी नको. शेवटी, टेबल पुसायचं फडकं ओलं आणि आंबूस असेल तर आतल्या मोरीकडे बघायची गरज नाही.

गल्ल्याजवळ एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक लावलेला असायला हवा, आणि जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणं बंधनकारक आहे. त्यावरून चव कळत नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर तो क्रमांकच कामाला येतो.

वाराचा आणि वेळेचा एवढा फरक पडतो का?

मांसाहारी ठिकाणी खूपच. आपल्याकडे सामिष खाण्याचे वार म्हणजे रविवार, बुधवार आणि शुक्रवार. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थीला पुष्कळ घरांत मांसाहार होत नाही, त्याचा परिणाम हॉटेलच्या खपावर होतो आणि खपाचा मालाच्या ताजेपणावर. म्हणून मटणाचं ताट बुधवारी दुपारी खावं: माल ताजा असतो आणि रविवारची झुंबडही नसते. श्रावणात तर बऱ्याच मटण-खानावळी रंगकाम काढतात किंवा अर्धा मेनू बंद ठेवतात. त्याच्या आधीच्या, म्हणजे गटारीच्या शनिवार-रविवारी उलट गर्दी असते आणि मटण घाईत शिजवलेलं, चिवट मिळण्याची शक्यता जास्त.

वेळांचं गणित असं: मिसळ आणि पोहे सकाळी साडेसात ते साडेदहा. खानावळीत दुपारी साडेबारा ते दीड, म्हणजे पहिली पंगत उठल्यावर आणि भाकरीचा तवा तापलेला असताना. रात्री आठच्या सुमारास. दोननंतर आलेल्याला ‘भाकरी संपली, चपाती चालेल का?’ हे ऐकावं लागतंच. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते, निघण्यापूर्वी फोन करा. नकाशाच्या अ‍ॅपवर ‘उघडं आहे’ असं दिसलं तरी दुपारी एक ते चार बंद ठेवायची पद्धत पुण्यात आणि इतर जुन्या शहरांत अजून आहे.

मिसळ गावागावांत वेगळी म्हणतात, ती नेमकी कशी? आणि खायची कशी?

सगळीकडे पाया मटकीच्या उसळीचा. पुण्याकडे तिच्यात पोहे, बटाट्याची भाजी येते आणि वर घ्यायच्या पातळ रश्शाला ‘सँपल’ म्हणतात. कोल्हापुरात त्याला ‘कट’ म्हणतात, तो कांदा-लसूण मसाल्याचा, आणि बरोबर पावाऐवजी ब्रेडचे जाड स्लाइस येतात. नाशिकला काळ्या मसाल्याचा हात, पाव, पापड आणि दही. नागपुरात रश्शाला ‘तर्री’ म्हणतात, आणि तिथे ती पोह्यांवर हरभऱ्यासह ओततात.

खाण्याची एक युक्ती सांगतो, जी वाढप्याला माहीत असते आणि पाहुण्याला नसते. सगळा कट एकदम ओतू नका. फरसाण तीन-चार मिनिटांत मऊ पडतं आणि मग मिसळीचा लगदा होतो. आधी थोडा कट, वरच्या थराचे चार घास, मग पुन्हा थोडा. लिंबू शेवटी पिळा. जादा कट काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी पैसे घेऊन मिळतो, तेव्हा मागण्याआधी विचारलेलं बरं.

बिघडलेली मिसळ ओळखायला वरचा तेलाचा तवंग बाजूला करून खालचा रस्सा चाखा. तेलामुळे वरचा थर नेहमीच झणझणीत लागतो. खालच्या रश्शाला आंबट वास असेल, मटकी बोटांत चिकट लागत असेल, तर उसळ उतरलेली आहे. उन्हाळ्यात भिजवलेली मटकी काही तासांतच आंबते, म्हणून एप्रिल-मेमध्ये दहानंतर मिसळ टाळलेली बरी.

तिखट झेपत नाही. ‘कमी तिखट करा’ सांगितलं तर चालेल?

सांगून उपयोग नाही. तांबडा रस्सा किंवा सावजीचा रस्सा पहाटेपासून एका पातेल्यात शिजत असतो, तुमच्या ताटासाठी वेगळा केला जात नाही. फार तर त्यात पाणी घालून देतील, मग तो तिखटही राहत नाही आणि चवदारही.

कोल्हापुरात सोपा मार्ग आहे: पांढऱ्या रश्शाने सुरुवात करा. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि खडा मसाला. यात मिरपूड असते, लाल तिखट नसतं. तो गरम असतानाच वाटीला तोंड लावून प्यायचा. वर दाणेदार साय आणि खाली पाणी असा फाटलेला दिसला तर नारळाचं दूध घातल्यावर उकळी जास्त झाली आहे. त्याने पोट बिघडत नाही, पण चव गेलेली असते.

सावजीला अशी पळवाट नाही. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातून आलेला हा स्वयंपाक गरम मसाल्यांवर उभा आहे आणि त्याची धग खाल्ल्यानंतर चढते. जवसाच्या तेलाचा वापर ही त्याची जुनी ओळख. रस्सा भाताऐवजी भाकरीबरोबर खा, प्रत्येक घासाला कांदा-लिंबू घ्या आणि पाण्याऐवजी ताक किंवा दही मागा. तिखटाचा जाळ करणारा घटक पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो तोंडभर पसरतो. दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं तो धरून ठेवतात.

शेवभाजीत शेव नेहमी विरघळलेली का मिळते?

कारण ती आधीच टाकून ठेवलेली असते. ‘रस्सा वेगळा, शेव वेगळी’ असं सांगा आणि ताटात घालून लगेच खा. खान्देशातले ढाबे हे आनंदाने करतात. शेव जाडी आणि तिखट हवी. बारीक शेव घातली की पिठलं होतं.

कोकणात मासे खायला कधी जावं आणि फसगत कशी टाळावी?

माशांच्या विणीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना जून-जुलैत समुद्रात जायला बंदी असते. नारळी पौर्णिमेच्या आसपास बोटी पुन्हा निघतात. त्या दोन महिन्यांत ‘ताजी सुरमई’ म्हणून जी मिळते ती बर्फातली असते. तरीही पावसाळ्यात मालवणला गेलातच तर खाडीचा मासा विचारा, किंवा सरळ सुक्या मासळीकडे वळा: सोड्यांचं कालवण, सुकट, सुके बोंबील. त्यांचा खरा हंगाम तोच.

मेनू उघडण्याआधी ‘आज काय आलंय?’ असं विचारा. लगेच दोन-तीन नावं आली तर बरं. ‘सगळं आहे’ हे उत्तर शंकास्पद. मेनूत ‘साइजप्रमाणे’ लिहिलं असेल तर मासा तळायला जाण्यापूर्वी बघा आणि दर पक्का करा. तुकडी तळून आल्यावर दरावरून वाद घालण्यात काही राहत नाही. अख्खा मासा बघायला मिळाला तर डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोट दाबल्यावर मांस परत वर येणारं असावं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मागवल्यात तर शिजल्यावरही न उघडलेली शिंपली बाजूला काढा.

बजेट कमी असेल तर सुरमई-पापलेटचा हट्ट सोडा. बांगडा आणि पेडवे स्वस्त असतात, आणि तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी महागड्या तुकडीपेक्षा सरस लागते, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोलकढी गडद गुलाबी, जवळजवळ जांभळी दिसली तर रंग किंवा आगळ (कोकमाचा दाट रस) जास्त आहे. आमसूल आणि नारळाच्या दुधाची कढी फिकी गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की थर सुटतात. वाटी हलवून घ्या.

बेकरीत केव्हा जावं आणि काय घ्यावं?

पावाचे घाणे साधारण पहाटे आणि पुन्हा दुपारी तीन-चारला निघतात. लादी पाव, ब्रून किंवा कडक पाव आणि बन यांसाठी या वेळा गाठा. पॅटिस बेकरीच्या ठरलेल्या वेळेला बाहेर येतात. काउंटरवर विचारा, ती वेळ ते मिनिटासह सांगतात. पॅटिस तासाभरात खायचं. सारणातली वाफ पापुद्र्यांत शिरली की तळ ओला होतो.

पुण्याच्या लष्कर भागातली कयानी बेकरी १९५५ ची, श्रूजबरी बिस्किटं आणि मावा केकसाठी प्रसिद्ध. मुंबईत धोबी तलावाजवळचं कयानी अँड कंपनी हे इराणी हॉटेल १९०४ चं. नाव सारखं असलं तरी ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, पत्ता शोधताना गोंधळ होतो. इराण्याकडे ब्रून मस्का चहात बुडवूनच खायचा, नुसता खाल्ला तर टाळू सोलवटतो.

लोणी वापरलंय की वनस्पती तूप, हे बिस्कीट खाऊन कळतं. लोणी अंगाच्या उष्णतेलाच वितळतं. वनस्पती तुपाचा वितळणबिंदू त्याहून वर असतो, म्हणून टाळूला मेणचट थर राहतो. खारी विकत घेण्याआधी एक तुकडा मोडून वास घ्या. जुन्या तेलाचा, रंगासारखा उग्र वास आला तर ती खवट झाली आहे, आणि भाजून ती सुधारत नाही. फक्त दमटपणाने मऊ पडलेली खारी मात्र ओव्हनमध्ये १५० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते.

घरी आणलेला पाव दुसऱ्या दिवशी दगड का होतो?

फ्रिजमध्ये ठेवल्यामुळे. शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान पावातला स्टार्च सर्वांत वेगाने कडक होतो. एक दिवस कापडात गुंडाळून बाहेर ठेवा, जास्त दिवस हवा असेल तर थेट फ्रीझरमध्ये टाका. काढल्यावर पाण्याचा हात फिरवून तव्यावर झाकण घालून दोन मिनिटं गरम करा. मावा केक उन्हाळ्यात बाहेर एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, मावा लवकर आंबतो. श्रूजबरी आणि नानकटाई हवाबंद डब्यात दोन आठवडे सहज राहतात.

लाकडाच्या भट्टीचा पाव वेगळा लागतो का? आता तो मिळेल?

विटांची भट्टी उष्णता साठवते आणि सगळीकडून कोरडी धग देते, त्यामुळे कवच जाड आणि खमंग होतं. पण चवीतला मोठा वाटा पीठ किती वेळ आंबवलं याचा असतो, आणि गॅसवर गेलेली बेकरी ते तसंच ठेवू शकते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितल्या. त्यामुळे मुंबईत ‘लाकडी भट्टी’ची पाटी दिसली तर ती जुनी असू शकते. मुंबईबाहेरच्या गावांत अशा भट्ट्या अजून सापडतात.

शाकाहारी आहे, किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. काय जपावं?

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी महाराष्ट्रात फार सावध राहावं. दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्यात, ठेच्यात, अगदी आमटीतही असतं, आणि तळणीचं तेल पुष्कळदा शेंगदाण्याचंच. ‘दाणे नकोत’ असं सांगितलं तर वाढपी वर पेरलेले दाणे काढून देतो. म्हणून आचाऱ्यालाच विचारा: ‘कूट आहे का, तेल कुठलं?’ तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर एकाच कढईत सगळं तळणाऱ्या ठिकाणी तळलेलं नकोच.

बेकरीत मावा केक, पेस्ट्री आणि काही बिस्किटांत अंडं असतं. पाकिटावरची हिरवी-तपकिरी खूण बघा, सुट्या मालाचं विचारून घ्या. मिश्र खानावळीत पांढरा रस्सा ‘व्हेज’ म्हणून मिळतो तेव्हा तो भाज्यांच्या पाण्याचा आहे का, हे नक्की करा.

बिअर गाळणाऱ्या ठिकाणी पहिल्यांदा जातोय. काय मागवू?

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं आणि जागेवर गाळलेल्या बिअरची गोडी राज्यात पसरली. आज पुणे आणि मुंबईत अशी अनेक ठिकाणं आहेत. पुण्याची मूनशाइन मधापासून मीड बनवते, म्हणजे ती बिअर नव्हेच.

पहिल्यांदा मोठा ग्लास घेऊ नका. चार ते सहा छोट्या ग्लासांचा सँपलर मिळतो, तो घ्या आणि क्रम पाळा: आधी गव्हाची बिअर किंवा फिकी, हलकी लागर, मग तांबूस अंबर, मग काळी स्टाउट, सर्वांत शेवटी कडू आयपीए (इंडिया पेल एल). आयपीए आधी घेतलीत तर पुढच्या सगळ्या बिअर पाण्यासारख्या लागतात. गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो अर्क घातल्यामुळे नव्हे, यीस्टमुळे. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात.

दोष ओळखायला शिका, मग पैसे वाया जात नाहीत. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास: आंबवणं पुरतं होण्याआधी बिअर काढली. उकडलेल्या मक्याचा वास: उकळी नीट झाली नाही किंवा नंतर हळूहळू थंड केली. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा: बिअर कोवळी आहे. व्हिनेगरसारखी आंबट: बहुतेकदा नळ्या अस्वच्छ. आंबट चवीसाठीच बनवलेल्या बिअर असतात, त्या यात धरू नका. फेस ओतताच विरला आणि ग्लासच्या काचेवर बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, दुसरा मागा. शांतपणे सांगितलं तर चांगली ठिकाणं ग्लास बदलून देतात.

टाक्या बघायच्या असतील तर शनिवारी रात्री विचारू नका. आठवड्यातल्या मधल्या वारी, दुपारी फोन करून जा. बिअर बनवण्याच्या पहिल्या टप्प्यात भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर भिजतं, तेव्हा सगळीकडे गोड लापशीचा वास असतो. बघण्यासारखा भाग तोच.

वय, परवाना, ड्राय डे?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो: एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा १०० ला, आजीवन १,००० ला. एक दिवसाचा बऱ्याचदा बारमध्येच फाडून देतात. वयाचा पुरावा जवळ ठेवा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०२१ मध्ये उठली. आषाढी-कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, गांधी जयंती आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास हे ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस, टाळून सहल आखा, नाहीतर टाक्या बघून लिंबू सरबत प्यावं लागेल.

थोडीशीच घेतली तर गाडी चालवता येईल?

नाही. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. हिशेब करून बघा: ९० मिलिलिटरचे सहा सँपलर म्हणजे ५४० मिलिलिटर, साडेपाच टक्क्यांची बिअर धरली तर सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपास उतरवतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्याची चालवायची पाळी त्याने फक्त वास घ्यावा, आणि त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी भरावेत.

वायनरीला केव्हा जावं?

नाशिकची सुला १९९९ मध्ये उभी राहिली, सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली आहे. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षात दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला घडांसाठी गोडी छाटणी. त्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये वेलीवर घड असतात, आणि मे महिन्यात गेलात तर घड दिसत नाहीत. वाइन मात्र बाराही महिने तीच.

चाखताना आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल, आणि गोड शेवटी. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात कसलाही कमीपणा नाही, धंद्यातले लोक तेच करतात. जाण्याआधी तिखट मिसळ खाल्ली असेल तर दोन तास जाऊ द्या, नाहीतर सगळ्या वाइन कडूच लागतील. बाटली घेतलीत तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते.

बिलात काय तपासावं?

साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. कम्पोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्या) हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. त्यांच्या बिलावर तसं छापलेलं असतं, तरीही कर लावला असेल तर विचारा. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट असतो, म्हणून दोन्ही ओळी वेगळ्या दिसतात. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगितलं तर काढावा लागतो. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ही भूमिका उचलून धरली. वाद वाढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बाटलीबंद पाण्यावरून मात्र भांडू नका: टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिली आहे. साधं पाणी मागा.

पार्सल गाडीत किती वेळ टिकतं?

पाच ते साठ अंशांच्या मधलं तापमान जंतूंना मानवतं. बंद गाडी उन्हात सहज त्यात जाते. रस्सा, भात, नारळाची चटणी दोन तासांत संपवा, उन्हाळ्यात तासाभरात. ओल्या नारळाची चटणी सर्वांत आधी जाते, तिचं पार्सल घेऊच नका. टिकणारं हवं असेल तर सोलापूरची शेंगाचटणी, कडक भाकरी, भडंग, पेढे. नीरेचं पार्सल नको: ती थंड असेपर्यंतच नीरा, उन्हात काही तासांत तिची ताडी होऊ लागते.

पोट बिघडलंच तर?

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट. ताप, शौचात रक्त, किंवा सहा-आठ तास लघवी नाही, यांपैकी काही झालं तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरकडे जा. दोष शेवटच्या जेवणालाच असतो असं नाही. काही जंतूंचा त्रास एक-दोन दिवसांनीही सुरू होतो.

खाल्लेल्याची नोंद कशी ठेवावी?

गाव, वार, किती वाजता, काय खाल्लं आणि पुन्हा जाल का, एवढंच. तारे देत बसू नका. ‘बुधवार, सव्वाबारा, पांढरा रस्सा उत्तम, भाकरी ज्वारीची, रांग नाही’ ही ओळ पुढच्या वेळी कामाला येते. एखादं ठिकाण नावडलं तर खोडण्याआधी वेळ बघा. तीनला गेला असाल तर एकदा साडेबाराला जाऊन या.